विहारातलं हिरवं टोक

लातूरच्या गंजगोलाईत वायरींची दुकानं डझनभर आहेत. कुठंही जा, "तार द्या" म्हणा, तार मिळेल. घाईत असाल तर फक्त गुरुबसप्पांच्या दुकानात जाऊ नका. तिथं काउंटरवर लुंबिनी उभी असते, आणि तार दाखवायच्या आधी ती तुमची उलटतपासणी घेते.

"ताई, तार पाहिजे."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? तार म्हंजे तार की वो!"

"दादा, माणसात मी जात मानत न्हाई, पर तारेत मानते. मोटरीला पाहिजे का मीटरला? घरातून वढायची का खांबावरून?"

मग माणूस हळूहळू कबुली देतो. बोअर चारशे फूट, मोटर पाच एचपीची, आणि स्टार्टर पार बांधाच्या पलीकडं लिंबाखाली. ऐकून लुंबिनी कपाळाला हात लावते. "आन् मागायलाव दीड एमएमची! एवढ्या लांबून येस्तोवर करंट दमतोय वो. मोटर घुरघुर करंल, एक दिवस जळून जाईल, मग शिव्या कुणाला? मला. चार एमएमची चपटी न्या, तीन पदरी."

गिऱ्हाईक कुरकुरतं, चार एमएमची घेऊन जातं, आणि पुढच्या हंगामात चुलतभावाला सोबत घेऊन येतं. सोळा वर्षं झाली, हे असंच चाललंय. आणि खोटं कशाला सांगू, बाईला या कामात भलतीच मजा येते. रविवारी दुकान बंद असलं की तिला घरात करमत नाही. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, तो म्हणतो, "मला सासुरवाडी दोन हायेत. एक मुरुडला, एक गोलाईत."

लुंबिनी मूळची मुरुडची. वडिलांचं नाव पंढरी, ते साखर कारखान्यात वायरमनच्या हाताखाली होते. तार सोलायची कशी, तांब्याला चरा न पाडता, हे ती त्यांच्याकडूनच शिकली. वडील आता नाहीत. बारावी झाल्यावर लग्न होऊन लातूरला आली आणि गुरुबसप्पांकडं वायरींची वेटोळी बांधायच्या कामाला लागली. तेव्हा तार वावेनं मोजत, दोन्ही हात ताणून. महिनाभरानं गुरुबसप्पांनी तिनं मोजलेली शंभर फुटांची वेटोळी टेप लावून तपासली. वीतभराचाही फरक निघाला नाही. "तंगी," ते म्हणाले, "तू काउंटरवर उभी राहा." तंगी म्हणजे धाकटी बहीण. माणूस निलंग्याकडचा, घरात कानडी, रागावला तरी कानडीत आणि खूश झाला तरी कानडीत.

मग काचेची तार आली. केसाएवढी बारीक, आतून उजेड धावणारी, इंटरनेटवाली. गुरुबसप्पांनी ती डोळ्यांसमोर धरली, चष्मा काढला, परत घातला, आणि जाहीर केलं, "माझी नजर पुरत न्हाई. तंगी, तू जा नांदेडला. शिकून ये."

नांदेडला आठ दिवसांचं शिक्षण होतं. बावीस बाप्ये आणि ही एकटी. पहिल्याच सकाळी शेजारचा एक नांदेडकर मोठ्या काळजीनं म्हणाला, "ताई, तुम्ही चुकून तर इथं बसून नाही राहिल्या? शिवणक्लास वरच्या मजल्यावर हाय."

"शिवायलाच आलेय दादा," लुंबिनी म्हणाली. "काच शिवायला."

आणि खरंच शिवणच ते. दोन टोकं स्वच्छ पुसायची, सरळ कापायची, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची, ठिणगी पडते आणि काच काचेत विरघळून एक होते. वर बारीक नळी चढवून ती भाजायची, म्हणजे जोड मोडत नाही. आत बारा धागे असले तर बारांचा क्रम ठरलेला. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखी, पांढरा... लुंबिनीनं तो परतीच्या गाडीत उजळणीसारखा पाठ केला. ते रंग ऐकून समोरच्या सीटवरची बाई तिला विचारत होती, साड्यांचं दुकान कुठं हाय म्हणून.

तर अशी ही बाई. विचारल्याशिवाय गजभर तार न देणारी. आणि चूक केली ती नेमकी तिनंच, तीही माहेरच्या माणसांपाशी!

त्याचं असं झालं. मुरुडच्या बुद्धविहाराच्या मागं अभ्यासिका उभी राहिली. आनंदराज गुरुजींनी उभी केली म्हणा ना. गुरुजी लुंबिनीचे प्राथमिक शाळेतले, आता रिटायर, विहार समितीचे अध्यक्ष. अभ्यासिकेत बारा कॉम्प्युटर बसले. लातूरच्या एका क्लासवाल्यांनी कळवलं, की तलाठी भरतीच्या सराव परीक्षेचं केंद्र मुरुडला देऊ, दर रविवारी पेपर होईल, पण एका अटीवर. शनिवारी बारा ते दोन आमचा माणूस समोर बसणार. दोन तासांत लाईन एकदाही तुटली नाही तर केंद्र तुमचं. तुटली तर दुसऱ्या गावाचं.

गावातल्या चाळीस पोरापोरींचा प्रश्न होता. पण लुंबिनीचा जीव अडकला होता एकीत, भावाच्या मुलीत. मनिषा एकवीस वर्षांची, गणितात वाघीण. मागच्या वर्षी लातूरला रूमवर राहून क्लास लावला, आणि महिन्यात टायफॉईड घेऊन घरी आली. पोरगी चादरीत गुंडाळून आणली तेव्हाची धास्ती अश्वजितच्या, तिच्या बापाच्या, मनातून जाईना. आता औशाचं एक चांगलं स्थळ आलं होतं. अश्वजितनं बहिणीला स्वच्छ सांगितलं, "गावात परीक्षा होत असंल तर शिकू दे वरीसभर. न्हाईतर रविवारी मी औशाला होकार कळवणार. लातूरला काय पाठवत न्हाई मी तिला परत."

वाईट माणूस नव्हता तो. भेदरलेला बाप होता, आणि भेदरलेल्या बापाशी वाद घालता येत नाही.

त्या शनिवारच्या पंधरा दिवस आधी गुरुजी आणि अश्वजित सामान न्यायला दुकानात आले. इन्व्हर्टरची तार लुंबिनीनं दहा प्रश्न विचारून दिली. कंपनीच्या माणसानं भिंतीवर डबा बसवून दिला होता, पण इंटरनेटचं मशीन ठेवायचं होतं समोरच्या कोपऱ्यात. मधल्या अंतराला दहा मीटरची काचेची तयार दोरी पाहिजे होती. लुंबिनीनं दोन दोऱ्या काउंटरवर ठेवल्या. दोन्ही पिवळ्या. एकीची टोकं निळी, दुसरीची हिरवी.

गुरुजींनी निळी उचलली आणि त्यांचा चेहराच फुलला. "अगं, पिवळं आन् निळं! पंचशील ध्वजातले दोन रंग एकाच तारेत! विहारात काय शोभंल!"

इथं लुंबिनीनं विचारायला पाहिजे होतं, की गुरुजी, डब्याचं तोंड कोणत्या रंगाचं? हाच प्रश्न ती अख्ख्या लातूर जिल्ह्याला विचारते. पण समोर गुरुजी, ज्यांनी पाढे शिकवले ते. त्यांची काय उलटतपासणी घ्यायची? आणि तिलाही ते निळं टोक बघून आतून बरं वाटलंच की. ती हसली, म्हणाली, "घ्या गुरुजी, आपलाच रंग हाय," आणि दोरी कागदात गुंडाळून दिली.

आता हा रंग शोभेचा नसतो, हे सांगायला पाहिजे. निळ्या टोकाची काच सरळ घासलेली असते. हिरव्याची जराशी तिरपी, म्हणजे परत फिरणारा उजेड बाहेर पडून जातो, लाईनीत गोंधळ करत नाही. सरळाला सरळ, तिरप्याला तिरपं. हिरव्या तोंडात निळं घातलं तर बसतं बरं का, खट्ट असा आवाज करून बसतं. म्हणून तर माणूस फसतो. आत मात्र दोन काचांमध्ये फट राहते, उजेड सांडतो, लाईन कधी चालते, कधी मरते.

शुक्रवारी सायंकाळी दुकानात गुरुजींचा फोन आला. आवाज एकदम बिनघोर.

"बाई, सगळं झ्याक हाय. फकस्त मशीनवर मधूनमधून एक लाल दिवा लागतो, मग सगळं बंद पडतं, मग आपोआप चालू होतं. मी म्हटलं, असू दे, लाल पण ध्वजातलाच रंग हाय."

लुंबिनी स्टुलावर बसली. "गुरुजी, भिंतीवरच्या डब्याचं तोंड बघा. रंग कोणता?"

"हिरवा."

"आन् मशीनचं?"

"ते पण हिरवंच. का गं?"

 एक नाही, दोन्हीकडं चुकीचं. तिनं डोळ्यांसमोर मनिषा आणली, औसा आणलं, उद्याचे बारा आणले. गुरुबसप्पांना सांगताना तिचे डोळे वाहायला लागले. म्हातारा रागावेल असं तिला वाटलं होतं. त्यांनी कपाटाची किल्ली काढली.

"काच शिवायचं मशीन घेऊन जा. तोंडाला चरा गेला असंल तर नवीन टोक शिवायला लागंल. हिरवी दोरी घे, हिरवी शेपटी, म्हंजे एका बाजूला टोक बसवलेला तुकडा, ती पण घे. आन् डोळे पूस आधी, वल्या हातानं मशीन धरू नगंस."

ते मशीन म्हणजे काय सांगू! बायकोनं, शांतम्मानं, एकदा त्यावरची धूळ पुसली तर गुरुबसप्पा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तेच मशीन लुंबिनीनं शनिवारी सकाळच्या एसटीत मांडीवर घेतलं आणि मुरुडपर्यंत खाली ठेवलं नाही.

नऊ वाजता विहारात समिती जमलेली. गुरुजी, अश्वजित, आणखी चारपाच जण, आणि कोपऱ्यात लुंबिनीची आई पारूबाई, लेक येणार म्हणून धपाटे बांधून घेऊन बसलेली. लुंबिनीनं चप्पल काढली, वंदन केलं आणि उभ्यानंच सांगितलं, "चूक माझी हाय. कंपनीची न्हाई, गुरुजींची न्हाई. मी विचारलं न्हाई. निळी दोरी इथं चालत न्हाई, हिरवी लावायला पाहिजे."

 अश्वजितचा पारा चढला. सकाळपासून तो अस्वस्थच होता.

"निळी चालत न्हाई म्हंजे? विहारात निळं चालत न्हाई? आन् हिरवं कशाला इथं? ध्वजात हिरवं हाय का कुठं?"

"दादा, काचेला ध्वज कळत न्हाई रे..."

"मला कळतोय ना!"

गुरुजी चष्मा पुसत बसले. त्यांनाही निळं काढायचं जिवावर आलं होतं, दिसतच होतं. तेवढ्यात पारूबाई कोपऱ्यातून बोलली. बाई कधी समितीत बोलत नाही.

"आसवजिता, बोधिवृक्षाचं पान कोणत्या रंगाचं असतंय रं?"

अश्वजित आईकडं वळला.

"बुद्ध निळ्या झाडाखाली बसला होता का? मग बस की गप. लावू दे तिला हिरवं."

गुरुजी असे हसले की चष्मा हातातून सुटला. मग सगळेच हसले. अश्वजितनं मान खाली घालून बहिणीला खुर्ची सरकवून दिली. माफी मागायची त्याची हीच रीत, लहानपणापासून.

लुंबिनीनं निळी दोरी काढली. मशीनचं तोंड शाबूत होतं, पण डब्यातल्या टोकाला तिनं बारकं भिंग लावून पाहिलं. गुरुबसप्पा म्हणाले तेच झालेलं. पंधरा दिवस लोकांनी लाल दिवा लागला की निळं टोक काढून परत दाबून बसवलं होतं. काचेच्या तोंडावर आरपार चरा. हिरवी दोरी लावूनही उपयोग नव्हता. टोकच कापून नवीन शिवायला पाहिजे, आणि घड्याळात साडेदहा.

"पंखा बंद करा," ती म्हणाली. "दार लावा. आन् कुणीबी माझ्याशी बोलू नका."

तिनं जुनं टोक कापलं. धागा सोलला, पुसला, कापला. मशीननं दाखवलं, काप वाकडा. परत सोलला, परत पुसला, परत कापला. डब्यात तारेचं वेटोळं होतं म्हणून बरं, नाहीतर तार आखूड पडली असती. तिसऱ्यांदा कापायला तार उरणार नव्हती. तिनं एकदा श्वास सोडला, वडिलांचा हात आठवला, तांब्याला चरा न पडू देणारा. डब्यातला धागा आणि हिरव्या शेपटीचा धागा समोरासमोर आले. ठिणगी पडली. जोड इतका साफ, की पडद्यावर कुठं जोडलंय ते दिसेना. नळी भाजली, टोक हिरव्या तोंडात बसवलं, हिरवी दोरी दोन्हीकडं लावली. उजेड मोजायचं यंत्र लावलं. सकाळी आल्या आल्या वजा एकोणतीस होतं, म्हणजे उजेड मरायला टेकलेला. आता वजा एकोणीस.

"झालं," ती म्हणाली, आणि तिथंच फरशीवर बसून धपाटे खायला लागली.

बाराला क्लासवाल्यांचा सत्यम आला. पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, तोंडावर हसू नाही. मशीनसमोर बसला, लॅपटॉप उघडला. "नुसती लाईन बघून भागत नाही. कुणीतरी खरा पेपर सोडवायला बसा. दोन तासांचा आहे."

दाराशी जमलेल्या चाळीस पोरांतून मनिषा पुढं झाली. कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं. ती सरळ जाऊन पहिल्या कॉम्प्युटरवर बसली. पासवर्ड सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली आणि बारा वाजून दहा मिनिटांनी तिचा पेपर सुरू झाला.

मग काय, अख्खी समिती त्या मशीनच्या दिव्याकडं बघत बसली. हिरवा दिवा, स्थिर. गुरुजी पुटपुटत होते. साडेबारा झाले. पाऊण झाला. एक वाजून पाच मिनिटांनी गावाची लाईट गेली.

कुणीतरी "गेलं!" म्हणून ओरडलं. पण इन्व्हर्टरनं भार उचलला. मशीन चालू, कॉम्प्युटर चालू, दिवा हिरवाच. ती तार लुंबिनीनं विचारूनच दिली होती ना. तिनं पदरानं मान पुसली. सत्यमनं पहिल्यांदा तिच्याकडं जरा आदरानं पाहिलं.

सगळे दिव्याकडं बघत होते, एक अश्वजित सोडून. तो पोरीकडं बघत होता. लाईट गेली तेव्हाही तिनं मान वर केली नव्हती. कागदावर गणित करायची, मान हलवायची, बटण दाबायची, पुढं जायची. ओठ हलत होते तिचे. मध्येच एकदा ती स्वतःशीच हसली, एखादा अवघड प्रश्न सुटला असावा. लातूरहून आजारी आणली ती पोरगी आणि ही पोरगी एकच, हे त्याला पटायला वेळ लागत होता. दीड झाला तरी त्याची नजर हलली नाही. लुंबिनीनं ते पाहिलं.

दोन वाजले. सत्यमनं लॅपटॉपवर बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि पहिल्यांदा हसला. "एकदाही तुटली नाही. केंद्र तुमचं."

मग जो गलका झाला म्हणता! गुरुजींनी दोन्ही हात वर केले. बाहेर थांबलेली पोरं दार ढकलून आत घुसली. पारूबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. सत्यमनं लॅपटॉप मिटला आणि मनिषाला म्हणाला, "झालं ताई, तपासणी संपली. उठा आता."

मनिषानं मान वर केली नाही.

"थांबा वो जरा. माझी दहा मिनिटं राह्यलीत अजून."

अश्वजित ताडकन उठला. दाराशी गेला, आत घुसलेल्या पोरांना त्यानं एकेकाला खांद्याला धरून बाहेर काढलं. गुरुजींनासुद्धा बाहेर काढलं. उंबऱ्यात उभा राहून दोन्ही हात पसरून त्यानं दार अडवलं, आणि दबक्या आवाजात सगळ्या मुरुडला दटावलं,

"गप बसा रे! माझी पोरगी पेपर सोडवायलीय."